समुद्रापासून ८० किलोमीटर आत असलेल्या इंग्लंडमधल्या गूल बंदरात खरंच समुद्रातली जहाजं जातात का? मुळात बंदर तिथे का, आणि ते चालतं कसं?

हो, जातात. नकाशात चूक नाही. यॉर्कशरच्या शेतांच्या मधोमध बंदराची खूण बघून तुम्हाला ती छपाईची चूक वाटली, यात नवल नाही. मी पहिल्यांदा गूलला गेले तेव्हा स्टेशनातून बाहेर पडून थोडंसं चालले, तर रस्त्याच्या टोकाला विटांच्या घरांच्या छपरांवर चक्क जहाजाचं सुकाणूघर दिसलं. पाणी कुठेच दिसत नव्हतं. खाली घरं, वर जहाज.

मी लीड्सला राहते. लाकूड आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मालाची आवक बघण्याचं काम करते. बाल्टिककडचं लाकूड कधी निघेल, कधी उतरेल, ट्रक कधी लावायचे, एवढंच माझं विश्व. माहेर दाभोळचं. वाशिष्ठीच्या खाडीतून गलबतं पार चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत कशी जायची, हे आजोबांकडून ऐकत मोठी झाले. त्यामुळे समुद्र एकीकडे आणि बंदर दुसरीकडे, ही कल्पना मला परकी नव्हती. फक्त गूलचं अंतर वाशिष्ठीपेक्षा बरंच जास्त आहे, आणि तिथे शिडाची गलबतं जाऊन आता शंभरेक मीटर लांबीची पोलादी जहाजं येतात.

आधी जागा समजून घेऊ. उत्तर समुद्रातून हंबर नावाच्या रुंद खाडीत शिरायचं. उजव्या हाताला हल शहर मागे टाकायचं, हंबरच्या झुलत्या पुलाखालून जायचं, आणि पुढे खाडीला दोन फाटे फुटतात तिथे थांबून विचार करायचा. डावीकडे ट्रेंट नदी, उजवीकडे ऊझ. या संगमाला ट्रेंट फॉल्स म्हणतात. नावावर जाऊ नका, धबधबा वगैरे काही नाही. उजवी धरून ऊझच्या वळणांतून वर गेलं की गूल. इतक्या आत असलेलं दुसरं समुद्री बंदर ब्रिटनमध्ये नाही.

आता ते तिथे का? याचं उत्तर समुद्रात नाही, जमिनीवर आहे. गूल हे नावच मुळी 'पाण्याचा चर, ओहोळ' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलंय, आणि गावाची सगळी कहाणी चर खणण्याचीच आहे. पहिला मोठा चर खणला तो डच अभियंता कॉर्नेलियस व्हरमायडनने. १६२६ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सने त्याला हॅटफिल्ड चेस नावाची दलदल कोरडी करायचं काम दिलं. त्याने डॉन नदीचं पाणी वळवलं, ते भलतीकडे शिरून लोकांची शेतं बुडाली, दंगे झाले. शेवटी १६३० च्या दशकात डॉनचं पाणी थेट ऊझमध्ये सोडायला एक सरळसोट पात्र खणावं लागलं. त्याला आजही डच रिव्हर म्हणतात, आणि ते जिथे ऊझला मिळतं तिथेच गूल आहे. पण तेव्हा हे बंदर वगैरे नव्हतं, एक छोटीशी वस्ती होती.

बंदर जन्माला घातलं ते एका कालवा कंपनीने. एअर अँड कॅल्डर नॅव्हिगेशन असं तिचं नाव. लीड्स आणि वेकफिल्डचं कापड, कोळसा, धान्य नद्यांवरून बोटींनी नेणं आणि त्यावर पट्टी घेणं हा तिचा धंदा. अडचण अशी की एअर नदीचा खालचा भाग उथळ आणि नागमोडी. म्हणून कंपनीने १७७८ मध्ये सेल्बीपर्यंत कालवा काढला आणि सेल्बीला चांगले दिवस आले. पण चाळीसेक वर्षांत तोही अपुरा पडू लागला, शिवाय दुसरं कुणी स्वतःचा कालवा काढून आपला धंदा पळवेल ही धास्ती होतीच. मग १८२० मध्ये संसदेकडून परवानगी घेऊन कंपनीने नॉटिंग्लीपासून गूलपर्यंत नवा कालवा खणायला घेतला. आराखडा जॉन रेनीचा, पण तो १८२१ मध्ये वारला आणि काम जॉर्ज लेदरने पुरं केलं. २० जुलै १८२६ ला कालवा आणि गोदी दोन्ही उघडली. सेल्बीचा बंदर म्हणून दिमाख तिथून उतरायला लागला.

मला यातली मौज अशी वाटते की कंपनीने नुसती गोदी बांधली नाही, अख्खं गाव बांधलं. रस्ते आखले, घरं उठवली, आणि सगळ्यात आधी उभं केलं ते हॉटेल! ठेकेदार होते जॉलिफ आणि बँक्स, ज्यांनी पुढे लंडनचा नवा पूल बांधला. त्यांच्यातल्या एडवर्ड बँक्सच्या नावाने हॉटेल 'बँक्स आर्म्स' झालं, नंतर त्याचं 'लाउदर' झालं. १८२८ मध्ये गूलला परदेशी मालाची जकात तिथेच भरण्याची सोय मिळाली. आता परदेशच्या जहाजाला कागदपत्रांसाठी हलला थांबायचं कारण उरलं नाही, आणि हलवाल्यांना ते अर्थातच रुचलं नाही. १८४८ ला रेल्वे पोचली. ती कालव्याला गिळेल असं वाटलं होतं, पण इथे दोघांनी एकाच गोदीत माल आणला. पुढे लँकेशर अँड यॉर्कशर रेल्वेने स्वतःच्या आगबोटीच ठेवल्या, हॅम्बर्ग, रॉटरडॅम, कोपनहेगन अशा ठिकाणी जाणाऱ्या.

आता टॉम पुडिंग, म्हणजे कोळशाचे तरंगते डबे. तुम्ही हे विचारलं नव्हतं, पण ते सांगितल्याशिवाय गूलचं उत्तर पुरं होणार नाही.

कोळशाची गोष्ट अशी की तो जितक्या वेळा उचलाल-टाकाल तितका फुटतो, भुगा होतो आणि भाव पडतो. मजुरी वाढते ती वेगळीच. खाणीतून बोटीत, बोटीतून फावड्याने धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजात. १८६० च्या दशकात कंपनीचा अभियंता विल्यम हॅमंड बार्थोलोम्यू याने या सगळ्यावर एक अफलातून तोड काढली. त्याने बोटच तोडून तिचे डबे केले. सहाएक मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, चौकोनी लोखंडी हौद. पाण्यावर तरंगणारे. एकेकात सुरुवातीला पंचवीसेक आणि पुढे चाळीसेक टन कोळसा. असे हौद एकामागे एक साखळीने जोडायचे आणि वाफेच्या टगने (ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीने) आगगाडीसारखे न्यायचे. आधी टग मागून ढकलायचा आणि दोन्ही बाजूंच्या तारा ओढून-सैल करून सगळी माळ सापासारखी वळवायचा. नंतर पुढून ओढणं सोपं पडतं हे लक्षात आलं. एका माळेत एकोणीसपर्यंत हौद असत. कालव्याच्या वळणावर ही माळ दिसायची कशी, याचे जुने फोटो जरूर शोधा.

खरी गंमत गूलला पोचल्यावर. तिथे गोदीत पाण्याच्या दाबावर चालणारे उंच पाळणे होते. हौद तरंगत पाळण्यात शिरायचा, पाळणा त्याला कोळशासकट पाण्यातून उचलून वर न्यायचा आणि जहाजाच्या पोटात घसरगुंडीवरून सरळ उपडा करायचा. पातेलं ओतावं तसं. फावड्याचा संबंधच नाही. वेकफिल्डजवळ स्टॅनली फेरीला तर हे हौद पाण्याबाहेर ओढून रुळांवरच्या गाड्यावर चढवत, खाणीकडे नेत, भरून परत पाण्यात सोडत. म्हणजे तोच डबा रुळांवर, तोच पाण्यावर, आणि मालाला मधे हात लावायचा नाही. आज कंटेनर म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तीच अक्कल, साठ-सत्तर नाही तर जवळजवळ शंभर वर्षं आधी. नावाबद्दल लोक सांगतात की हौदाचा आकार यॉर्कशर पुडिंगच्या भांड्यासारखा, म्हणून टॉम पुडिंग.

१९१३ मध्ये या हौदांनी एका वर्षात सुमारे १५.६ लाख टन कोळसा गूलला आणला. तो कळस. त्यानंतर पहिलं महायुद्ध आलं. ९ ऑगस्ट १९१५ च्या रात्री झेपेलिन नावाच्या एका जर्मन हवाई जहाजाने अंधारात गूलला हल समजून बॉम्ब टाकले आणि १६ माणसं मेली. कोळशाची निर्यात पुन्हा त्या उंचीला गेली नाही, तरी टॉम पुडिंग १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालत राहिले. एक पाळणा अजून उभा आहे, संरक्षित वास्तू म्हणून.

आता चालतं कसं, याकडे येते. हा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगेन.

ऊझ भरती-ओहोटीची नदी आहे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, गूलजवळ पाणी काही तासांत दोन पुरुष उंचीपेक्षा जास्त चढतं, आणि ओहोटीला दोन्ही काठांना चॉकलेटी चिखल उघडा पडतो. चढणं आणि उतरणं सारखंही नाही. भरती तीनेक तासांत धावत येते आणि ओहोटी उरलेला सगळा वेळ रेंगाळत जाते. अशा नदीत जहाज वाटेल तेव्हा चालवता येत नाही. ते हंबरच्या तोंडाशी थांबतं, तिथे पायलट चढतो (जुन्या मराठीत याला अरकाटी म्हणत), आणि भरतीच्या लाटेवर बसल्यासारखं ते आत येतं. वेळ अशी साधायची की गूलसमोर पोचताना भरती अजून चढत असली पाहिजे, म्हणजे वाटेत तळ टेकलाच तर मागून येणारं पाणी उचलेल. ओहोटी लागल्यावर रुतलं तर पुढची भरती येईपर्यंत बसा. नदीचा तळ वाळू-गाळाचा आणि सरकता आहे, त्यामुळे कालची वाट आज तिथेच असेल असं नाही. नदीचं खोलीमापन सतत चालू असतं, आणि तिथले पायलट ही नदी हाताच्या रेषांसारखी वाचतात.

भरतीबरोबर आलेलं जहाज प्रवाहाच्या दिशेनेच धावत असतं. तसंच लॉकमध्ये शिरणं धोक्याचं. म्हणून गूलसमोर त्या बेताच्या रुंदीत ते आधी पूर्ण वळवून तोंड प्रवाहाकडे करतात, मग हळूहळू लॉकच्या तोंडात घेतात. नदीतलं पाणी वर-खाली होत असतं, पण गोदीतलं एकाच पातळीवर राखलेलं असतं. या दोघांमधला जिना म्हणजे लॉक. नदीकडचं दार लावायचं, पाणी सारखं करायचं, गोदीकडचं दार उघडायचं. आज वापरातली मोठी लॉक दोन, १८८८ ची व्हिक्टोरिया आणि १९३८ ची ओशन. या लॉक आणि नदीची वळणं मिळून ठरवतात की गूलला येणारं जहाज साधारण शंभर मीटरपेक्षा मोठं असू शकत नाही. त्यात चार-पाच हजार टन माल मावतो. फीलिक्स्टोच्या मोठ्या बंदरात येणाऱ्या कंटेनर जहाजांच्या राक्षसांपुढे हे म्हणजे होडीच.

बाहेर जाणाऱ्या भरलेल्या जहाजाची तऱ्हा उलटी. पाणी पूर्ण भरायची वाट बघत बसलं तर खालच्या उथळ टप्प्यांवर पोचेपर्यंत ओहोटी लागलेली असणार. म्हणून ते भरती चढत असतानाच, समोरून येणारं पाणी कापत निघतं. एकाच भरतीत येणारे आणि जाणारे दोघेही नदीत असतात, आणि लॉकवरचा माणूस त्या दोन-तीन तासांत कुणाला आधी, कुणाला नंतर, हे जुळवत असतो. बाकी वेळ बंदर नदीच्या दृष्टीने झोपलेलं. आत गोदीत मात्र क्रेन चालूच असते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी यात सपशेल तोंडावर पडले. लॅटव्हियाहून लाकडाचं जहाज निघालं. कागदावर शुक्रवार लिहिला होता, मी सोमवारी सकाळचे ट्रक लावून मोकळी. तो शुक्रवार हंबरच्या तोंडाशी पोचण्याचा होता हे मी बघितलंच नव्हतं. त्यात होता भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती. भांगाच्या भरतीला ऊझमध्ये पाणी कमी चढतं, आणि आमचं जहाज डेकवरही लाकूड रचून खच्चून भरलेलं. वीतभर पाणी कमी पडलं. वीतभर! ते तीन दिवस नांगर टाकून बसलं, आणि ट्रकवाल्यांची भरपाई आम्ही दिली. आजोबांची नात असून भांग आणि उधाण विसरले, याची मला पैशापेक्षा जास्त लाज वाटली. तेव्हापासून एक सवय लागली आहे. जहाजाची तारीख आली की अधिकृत भरतीचं कोष्टक उघडायच्या आधी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे जाते. अष्टमीच्या आसपासचा दिवस दिसला की मी कप्तानाच्या आधी काळजीत.

मग प्रश्न येतो, इतका खटाटोप असताना माल हलला का उतरवत नाहीत? काही उतरवतातच. पण पाण्यावरून टनामागे खर्च रस्त्यापेक्षा बराच कमी पडतो, आणि जहाज जितकं आत येईल तितका ट्रकचा प्रवास घटतो. गूलच्या दाराशीच एम ६२ महामार्ग आहे. लीड्स, शेफील्ड, डॉनकास्टर सगळे हाताशी. शिवाय काही जहाजं खास अशा नद्यांसाठीच बांधलेली आहेत, बुटकी, सुकाणूघर वर-खाली करता येणारी. ती ऱ्हाइन नदीतून जर्मनीच्या डुइसबर्गपर्यंत जातात. म्हणजे जर्मनीच्या आतल्या शहरातून इंग्लंडच्या आतल्या गावात, मधे कुठेही माल न उतरवता. पोलाद असं येतं. लाकूड स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिकमधून. त्याखेरीज सिमेंट, खत, धान्य, खडी. दिसायला देखणं काही नाही, जड आणि स्वस्त, ज्याला घाई नसते असं सगळं.

मालकीचं थोडक्यात. १९४८ मध्ये कालवे आणि रेल्वे सरकारजमा झाले, त्यात गूलही गेलं. १९६० च्या दशकात कालवा एका सरकारी मंडळाकडे आणि गोदी दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली, म्हणजे ज्यांनी एकमेकांना जन्म दिला त्यांची ताटातूट. १९८० च्या दशकात गोद्यांचं खासगीकरण होऊन असोसिएटेड ब्रिटिश पोर्ट्स ही कंपनी आली. हल, इमिंगहॅम, ग्रिम्सबी ही शेजारची बंदरंही तिचीच. गोदी कामगारांचा मुद्दाही होता. १९४७ च्या योजनेत नोंदणीकृत कामगारांना कामाची हमी होती, पण ती ठरावीक बंदरांनाच लागू. ट्रेंट आणि ऊझच्या काठावरचे काही लहान खासगी धक्के त्या योजनेबाहेर होते, आणि बराच माल तिकडे सरकला. १९८९ मध्ये ती योजनाच मोडीत निघाली. यावर गूलच्या जुन्या माणसांशी बोलायला बसाल तर चहा दोनदा करावा लागेल. मला विचाराल तर हमी गेल्याने माल काही फार परत आला नाही, कारण कोळसाच संपत आला होता.

आता गावाला नवं काम मिळालंय ते रेल्वेच्या डब्यांचं. सीमेन्स या जर्मन कंपनीने तिथे कारखाना काढला, तो २०२४ मध्ये रीतसर उघडला. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या पिकॅडिली लाइनच्या नव्या गाड्या बहुतांश तिथे जुळवल्या जातात. काचेचा मोठा कारखानाही आहे. बंदर लहान झालं, पण मेलं नाही.

तुम्ही पुढच्या महिन्यात मुलीकडे हलला येणार आहात असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून एक सांगते. हलहून गूल गाडीने पाऊण तासाच्या आत आहे. स्टेशनातून बाहेर पडलात की दोन पाण्याच्या टाक्यांचे मनोरे दिसतील, एक सडपातळ विटांचा आणि शेजारी जाडजूड काँक्रीटचा. गावात त्यांना मीठदाणी-मिरीदाणी म्हणतात. त्यांच्या रोखाने चाला. जुन्या गूलकडे जाणारा रस्ता गोद्यांच्या मधूनच जातो. मात्र येण्याआधी गूलची भरतीची वेळ बघा आणि तिच्या दोन-अडीच तास आधी पोचा. भर ओहोटीला आलात तर नदीत नुसता चिखल आणि त्यावर बसलेले बगळे दिसतील, आणि तुम्ही घरी जाऊन म्हणाल की नकाशात चूकच होती.